बिस्किटाच्या वाटीत प्रेमाचा गोडवा

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की बाजाराला लाल रंग चढतो. भेटवस्तूंच्या दुकानात कापसाची अस्वले रांगेने बसतात, मावळातल्या हरितगृहांतले लांब देठाचे गुलाब परदेशी रवाना होतात आणि इथे उरलेल्या एका फुलाचा भाव दोन दिवसांत कुठल्या कुठे जातो. १४ फेब्रुवारीचा हा व्हॅलेंटाइन दिवस आपल्याकडे रुजला तो १९९० नंतरच्या दशकात, उपग्रह वाहिन्या आणि भेटकार्डांच्या जोडीने. तेव्हा तो कॉलेजातल्या मुलामुलींचा होता. ती मुले आता चाळिशी-पन्नाशीत आली, संसारात मुरली. त्यांच्या पाठची पिढीही बोहल्यावर चढून घरात आली. त्यामुळे हा दिवस आता कॉलेजच्या कट्ट्यावरून थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

पण आपल्याकडे स्वयंपाकघर दोघांचेच कुठे असते? असे एक घर डोळ्यांसमोर आणा. इंदूर म्हणा, बडोदा म्हणा, नाहीतर डोंबिवली. दोन खोल्या, सासू-सासरे, शिकणारा दीर आणि लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेले जोडपे. दोघेही नोकरी करणारे. बाहेर जेवायला जायचे तर ‘‘आई, आम्ही जरा जाऊन येतो,’’ एवढे सांगतानाही सुनेचे कान लाल होतात. त्याने फूल आणले तर ते सर्वांदेखत घ्यायचे कसे, हा प्रश्न. गेल्या वर्षी त्याने चॉकलेटचा डबा आणला होता. तो साड्यांच्या घडीमागे लपवून ठेवला आणि चार दिवसांनी मुंग्यांनी शोधून काढला!

अशा घरांसाठी भरलेले ‘कुकी कप’ हा फार सोयीचा पदार्थ आहे. ओव्हनमध्ये भाजणाऱ्या लोण्याचा वास लपत नाही. तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांपर्यंत जातो आणि जिन्यावरून शेजारीही पोहोचतो. लपवण्याची सोयच नसल्यामुळे संकोचही राहत नाही. शिवाय साच्यात एका वेळी बारा कप होतात. दोघे मिळून खाणार किती?

कुकी कप म्हणजे बिस्किटाच्या पिठाची लहानशी वाटी. मफिनच्या साच्यात पीठ दाबून भाजायचे, मधोमध खळगा ठेवायचा आणि गार झाल्यावर त्यात चॉकलेट, चक्का, फळे असे काहीबाही भरायचे. हा अमेरिकेतल्या घरगुती भाजण्याचा प्रकार. तिथे १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन गावी रूथ वेकफिल्ड या बाईंनी आपल्या ‘टोल हाउस’ या खानावळीत चॉकलेटचे तुकडे घालून बिस्किटे केली आणि ती घरोघरी पोहोचली. तेच पीठ पुढे मफिनच्या साच्यात गेले आणि वाटी तयार झाली.

दिवसाची गोष्ट मात्र त्याहून जुनी आहे. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने, संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी पक्षी आपापले जोडीदार निवडतात, अशी कल्पना एका काव्यात रंगवली. आपण ज्याला बदामाचा आकार म्हणतो, त्या आकारातला चॉकलेटचा डबा इंग्लंडच्या रिचर्ड कॅडबरी यांनी बाजारात आणला तो १८६० च्या दशकात. म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षे प्रेमिकांचे चॉकलेटवाचून काही अडले नव्हते. जपानमध्ये तर आणखी गंमत आहे. तिथे १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात आणि बरोबर महिन्याने, १४ मार्चला, पुरुषांनी परतभेट द्यायची. ही परतफेडीची प्रथा तिथल्या मिठाईवाल्यांनी १९८० च्या सुमारास सुरू केली. व्यापाऱ्यांची युक्ती खरी, पण परतफेड हा शब्द काही वाईट नाही.

आता पुन्हा त्या दोन खोल्यांच्या घरात येऊ. सून परातीत मैदा आणि लोणी मोजून घेते आहे. सासूबाई दारातून डोकावतात.

‘‘काय गं, काय चाललंय?’’

‘‘कुकी कप करतेय, आई. अमेरिकन प्रकार आहे.’’

सासूबाई परातीकडे बघतात, चिमूटभर पीठ बोटांत घेऊन दाबतात. ‘‘अमेरिकन कसला? हे तर नानखटाईचं पीठ!’’

सासूबाईंचे चुकलेले नाही. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी बायकांनी हे पीठ आयुष्यभर हाताळले आहे. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या तोंडावर पत्र्याच्या डब्यात तूप, पिठीसाखर, मैदा, रवा घेऊन बायका जवळच्या बेकरीत जात. भट्टीपाशी नंबर लावून दुपारभर बसत. तिथलाच कारागीर पीठ मळून देई, काळे पडलेले मोठे ट्रे आत सरकवी आणि संध्याकाळी गरम नानखटाई त्याच डब्यात भरून घरी येई. घरी ओव्हन नसूनही बेकिंगचे ज्ञान असे, ते यामुळे. तूप आणि साखर तळव्याने किती वेळ फेसायची, पीठ कधी ‘आले’ म्हणायचे, हे पुस्तकात वाचून कळत नाही. ज्या घरात अशी सासू किंवा आई आहे, तिथे मोबाइलवर कृती शोधण्याआधी तिला विचारावे. एका परातीत चार हात पडले की सुनेचा संकोच निम्मा तिथेच संपतो.

साहित्य अगदी थोडे लागते. बारा वाट्यांसाठी २०० ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम बटर, ९० ग्रॅम पिठीसाखर, १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, १ ते २ मोठे चमचे दूध आणि अर्धा छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स. अमेरिकन कृतीत बहुधा अंडे आणि खायचा सोडा असतो. इथे दोन्ही वगळले आहे. अंडे घरातल्या सर्वांना चालेलच असे नाही, आणि सोड्याने पीठ फुगले की मधला खळगा भरून येतो. मग वाटी न होता जाडजूड बिस्कीटच हाती येते.

बाजारात मिळणारे पिवळे बटर बहुधा खारे असते, तेव्हा वेगळे मीठ घालू नये. बिनमिठाचे असेल तर चिमूटभर घालावे. मिठाशिवाय चॉकलेटची चव उठत नाही. घरी काढलेले पांढरे लोणी वापरायचे तर ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन, दाबून ताक-पाणी पूर्ण काढावे, नाहीतर पीठ चिकट होते. साजूक तूप घ्यायचे असल्यास ९० ग्रॅम पुरते, कारण बटरमध्ये पाण्याचा अंश असतो, तुपात नसतो. दुधाचा एखादा चमचा तेवढा वाढवावा. पूर्वी नानखटाईला सर्रास वनस्पती तूप वापरत. त्याने खुसखुशीतपणा छान येई, पण त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे हृदयाला अपाय होतो हे आता सर्वमान्य आहे. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपांतील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादाही आली. प्रेमाच्या दिवशी हृदयाची एवढी काळजी तरी घ्यावी!

या पदार्थाचे सारे यश बटरच्या अवस्थेवर आहे. बोटाने दाबले तर खळगा पडावा, पण बोटाला तेल लागू नये, इतपत ते मऊ हवे. दिल्ली-ग्वाल्हेरकडे फेब्रुवारीच्या सकाळी फ्रिजबाहेर ठेवलेले बटरही दगडासारखे राहते. तिथे ते बारीक तुकडे करून ओट्यावर तासभर ठेवावे. मुंबई, चेन्नई, हैदराबादकडे उलट. पंधरा-वीस मिनिटांतच ते मऊ पडते आणि नजर चुकली तर वितळते. घाई झाली म्हणून बटर गॅसवर पातळ करू नये. वितळलेल्या बटरमध्ये हवा भरत नाही, पीठ तेलकट होते आणि भाजताना वाटीच्या भिंती साच्यातच खाली बसतात.

बटर आणि पिठीसाखर एकत्र करून फिकट रंग येईपर्यंत फेसावे. हाताने आठ-दहा मिनिटे लागतात. त्यात इसेन्स घालावा. मैदा आणि कॉर्नफ्लोअर दोनदा चाळून घालावे आणि बोटांच्या टोकांनी हलकेच एकत्र करावे. पोळ्यांच्या कणकेसारखे मळू नये. मळले की मैद्याला चिवटपणा येतो आणि बिस्कीट कडक होते. गोळा होत नसेल तरच दूध घालावे, तेही चमच्या-चमच्याने.

साच्याला आतून तुपाचा हात फिरवून मैदा भुरभुरावा आणि जास्तीचा झटकून टाकावा. आणखी एक युक्ती आहे. बटर पेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून प्रत्येक खळग्यात एक आडवी आणि एक उभी अशी ठेवावी, टोके बाहेर राहू द्यावीत. पुढे वाटी काढताना या टोकांना धरून अलगद उचलता येते. पहिल्यांदा करणाऱ्याने हा कंटाळा करू नये.

पिठाचे मध्यम लिंबाएवढे बारा गोळे करावेत. एकेक गोळा खळग्यात ठेवून अंगठ्याने मधून दाबत कडेकडेने वर चढवावा. उकडीच्या मोदकाची पारी करणाऱ्या हाताला हे वेगळे शिकवावे लागत नाही. भिंत साधारण अर्धा सेंटिमीटर जाड असावी. नवख्यांकडून एक चूक हटकून होते. तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात पीठ साठून राहते. ते कच्चे राहते आणि वर कड मात्र करपते. तेव्हा कोपऱ्यातून बोट फिरवून पीठ वर ओढून घ्यावे. तळाला काट्याने टोचे मारावेत आणि साचा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. ही पायरी गाळली तर आतापर्यंतची मेहनत वाया जाते. थंड पिठातले बटर उशिरा वितळते, तोवर मैद्याची भिंत धरून राहण्याइतकी शिजते.

ओव्हन दहा मिनिटे आधी १८० अंशांवर तापवून घ्यावा. बारा ते पंधरा मिनिटांत कडा सोनेरी होतात. छोट्या घरगुती ओव्हनमध्ये मागची बाजू जास्त तापते, म्हणून आठव्या-नवव्या मिनिटाला ट्रे फिरवून ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये करायचे तर त्यात कन्व्हेक्शनची सोय हवी. नुसत्या मायक्रोवेव्हवर बिस्कीट खमंग भाजले जात नाही.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या जुन्या कढईत दोन बोटे जाड मीठ पसरावे, त्यात स्टँड ठेवून झाकण लावावे आणि दहा मिनिटे तापवावे. मफिनच्या साच्याऐवजी आमटीच्या लहान स्टीलच्या वाट्या तूप लावून वापराव्यात. मंद ते मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटे लागतात. रंग ओव्हनसारखा एकसारखा येत नाही, पण चवीत उणे नसते. एका वेळी तीन-चारच मावतात, म्हणून हा उद्योग सुट्टीच्या दुपारी करावा.

कप बाहेर काढल्यावर मधला भाग मऊ आणि फिकट दिसतो. कच्चे राहिले असे वाटून पुष्कळजण ते परत आत ढकलतात आणि मग ते दाताला कडक लागतात. गरम बिस्कीट मऊच असते, गार होताना ते घट्ट होते. बाहेर काढल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत गोल चमच्याच्या पाठीने मधला फुगवटा हलकेच दाबावा. तेवढ्यापुरतेच पीठ ऐकते, नंतर दाबले तर तडकते. मग दहा-पंधरा मिनिटे साच्यातच राहू द्यावे. गरम असताना उचलले तर तळ साच्यात आणि कड हातात येते. अगदी गार झाल्यावर चिकटून बसले तर साचा मिनिटभर गरम ओव्हनमध्ये ठेवावा, तूप सुटते आणि वाटी मोकळी होते. इतके करूनही एक-दोन फुटतातच. त्याचे दुःख करू नये, त्यांचा उपयोग पुढे आहे.

भरण्याआधी रिकाम्या वाट्यांना आतून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात द्यावा. चॉकलेट घट्ट झाले की त्याचा पापुद्रा होतो आणि आतला ओलावा बिस्किटात उतरत नाही. चॉकलेट विकत घेताना वेष्टनावरची माहिती वाचावी. कोको बटर असलेले ते खरे चॉकलेट. कंपाउंडमध्ये त्याच्या जागी वनस्पतिजन्य चरबी असते. ते स्वस्त पडते आणि पटकन घट्ट होते, पण जिभेवर विरघळत नाही.

सारणात पहिला मान चॉकलेटचा. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट किसून घ्यावे, १०० मिलिलिटर ताजी क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओतावी, दोन मिनिटे हात न लावता ठेवावे आणि मधून बाहेर अशा गोलाईने ढवळावे. क्रीम खळखळून उकळू नये, फुटते. हे सारण आदल्या दिवशी भरून ठेवले तरी चालते.

पण आपल्या लोकांची जीभ ओळखून सांगायचे तर बाजी मारते ते स्ट्रॉबेरीचे श्रीखंड. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी फेब्रुवारीत ऐन भरात असते. अर्धा किलो दही रात्रभर टांगून चक्का करावा, पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून काढावा. ७-८ स्ट्रॉबेरी चिरून दोन चमचे साखर आणि थोडा लिंबाचा रस घालून आटवाव्यात. हे मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच चक्क्यात मिसळावे, नाहीतर श्रीखंड पातळ होते. वर ताज्या स्ट्रॉबेरीची उभी चिरलेली फाक ठेवली की ती आपोआप बदामाच्या आकाराची दिसते. हे सारण मात्र खायच्या अर्धा तास आधीच भरावे. सासऱ्यांना चॉकलेटचे प्रेम नसेल तर त्यांच्या वाटीत गुलकंद घालून परतलेला खवा भरावा. घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांना नुसता बिनसाखरेचा चक्का आणि फळ द्यावे, तेही एकाच लहान वाटीत. साखर टाळली तरी वाटीतला मैदा आणि साखर हिशेबात धरावीच लागते.

आता एक नाजूक प्रश्न. हे करायचे कोणी? बऱ्याच घरी घडते ते असे. ती ऑफिसातून येताना सामान आणते, रात्री पीठ करते, दुसऱ्या दिवशी भाजते, भरते, ताटलीत मांडते. तो ‘‘वा, छान!’’ म्हणून खातो. मग अकरा वाजता तीच ट्रे घासत उभी राहते. नवऱ्याने एवढ्यावर प्रेमाचा दिवस साजरा झाला असे समजू नये. कुकी कप हे ज्याला साधी भाजी फोडणीला टाकता येत नाही त्यालाही जमण्यासारखे काम आहे. यात अंदाजाचा मीठ-मसाला नाही, सगळे वजनाने आणि घड्याळाने. पुरुषांना मोजमाप कळते असे तेच सांगत असतात, तर मग त्यांनी तराजू हातात घ्यावा. दोघांत काम वाटायचे तर पीठ तिने, भाजणे त्याने, किंवा उलट.

सगळे एकाच संध्याकाळी उरकण्याचा हट्ट नको. पीठ १२ तारखेच्या रात्री करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावे. १३ ला जेवणे झाल्यावर भाजावे. पीठ फ्रिजमध्ये फार कडक झालेले असते, ते थोडे सैल होऊ द्यावे, मग साच्यात दाबून पुन्हा अर्धा तास गार करावे. रिकाम्या वाट्या घट्ट झाकणाच्या डब्यात पाच-सहा दिवस छान राहतात. मऊ पडल्या तर १५० अंशांवर पाच मिनिटे तापवून घ्याव्यात. १४ ला भरण्याचे वीस मिनिटांचे काम तेवढे उरते.

त्या घरात १४ तारखेच्या रात्री जेवणानंतर ताटली बाहेर येते. दिराला दोन, तो तिसरा मागतो. सासऱ्यांना गुलकंदाचा. सासूबाई आधी ‘‘मला नको गं, गोड फार होतं,’’ म्हणतात आणि मग ताटलीत डोकावून विचारतात, ‘‘त्यातला श्रीखंडाचा कुठला?’’ मुलगा तो उचलून त्यांच्या हातावर ठेवतो. या घरात त्यांच्या लग्नाला चौतीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत स्वयंपाकघरातून त्यांच्यासाठी कोणी काही करून आणल्याचे त्यांना आठवत नाही. सासरे चष्म्यावरून बघतात आणि पेपरची घडी घालतात. ‘‘पुढच्या वेळी भाजायला मला बोलव रे,’’ असे ते मुलाला म्हणतात, अगदी हळू आवाजात. सून आत जाऊन आणखी दोन कप बशीत काढते. ते दोघांचे, जरा उशिराच्या चहाबरोबर खायचे.

फुटलेल्या कपांचा चुरा करून पेल्याच्या तळाशी घालावा, वर उरलेले श्रीखंड आणि स्ट्रॉबेरीच्या फोडी, पुन्हा चुरा असे थर द्यावेत. दुसऱ्या दिवशीच्या डब्यानंतर हे थंडगार फार छान लागते. साचा रात्रीच गरम पाण्यात भिजत घालावा. सकाळपर्यंत कडेचे बिस्कीट सुटून येते आणि सुरीने खरवडून त्याचा लेप घालवावा लागत नाही.